नावात पुणे, पोटात चिठ्ठ्या!

दोस्ता, जरा तुझ्या अंगठ्याच्या नखाकडं बघ. काय दिसतंय? मळ? तो आईला दिसायच्या आत काढून टाक! मला मात्र वेगळंच सांगायचंय. ते नख आत्ता, या क्षणाला वाढतंय. महिन्याला साधारण ३ मिलिमीटर. मग एका सेकंदाला किती? कागद घे, भागाकार कर.

उत्तर येतं जवळजवळ १ नॅनोमीटर!

एका मीटरचे १०० कोटी सारखे तुकडे केले, तर त्यातला एक तुकडा म्हणजे १ नॅनोमीटर. तुझ्या डोक्यावरचा एक केस ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. आणि साधारण १ ते १०० नॅनोमीटरचे जे इवले इवले कण, त्यांना म्हणायचं नॅनोकण.

हे काहीतरी नवीन खूळ वाटतंय ना? छे! समईच्या ज्योतीवर वाटी धरली की बुडाला काजळी धरते. त्या काजळीतला एकेक मूळ कण साधारण २० ते ४० नॅनोमीटरचा असतो. म्हणजे बाळाच्या गालावरची काजळाची तीट हा नॅनोकणांचाच ठिपका!

फरक इतकाच, की आता माणूस असे कण मुद्दाम बनवतो. उन्हात लावायच्या मलमात जस्ताच्या ऑक्साइडचे. वास न येणाऱ्या मोज्यांत चांदीचे. काही रंगांत आणि सेन्सरमध्ये तांब्याच्या ऑक्साइडचे. २०२१ पासून शेतकऱ्यांसाठी नॅनो युरियाची अर्ध्या लिटरची बाटलीही निघाली आहे.

पण वस्तू इतकी बारीक केली म्हणून काय मोठं बिघडलं? सांगतो. एक गुळाचा खडा घे. लांबी, रुंदी, उंची तिन्ही बरोबर १ सेंटिमीटर. त्याच्या सहा बाजू मिळून पृष्ठभाग भरला ६ चौरस सेंटिमीटर. आता मनातल्या मनात सुरी घे आणि काप. कापत राहा, कापत राहा, अगदी प्रत्येक तुकडा १ नॅनोमीटरचा होईपर्यंत. गूळ तेवढाच आहे, एक कणही वाढलेला नाही. आता सगळ्या तुकड्यांच्या सगळ्या बाजू एकत्र मोजल्या तर किती पृष्ठभाग होईल? ओळख पाहू!

६,००० चौरस मीटर! शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर ५९ गुंठे. म्हणजे दीड एकराला जेमतेम एक गुंठा कमी. चिमटीत मावणारा गुळाचा खडा आणि दीड एकराचं खाचर!

पाण्याशी, हवेशी, जिवंत पेशींशी जी काही देवाणघेवाण व्हायची ती पृष्ठभागावरच होते. पृष्ठभाग एवढा वाढला की ओळखीचा पदार्थही अनोळखी वागायला लागतो. कधी फायद्याचा, कधी तोट्याचा.

आता चल मार्गासनीला. पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याकडं निघालं की वाटेत हे गाव लागतं. राजगडावर जाणारी मंडळी इथूनच साखर, गुंजवणे या गावांकडं वळतात. हा सगळा गुंजण मावळ. भाताची खाचरं, ओढे आणि गुंजवणी नदी. समजा, इथल्या कुणी ते चांदीचे मोजे ओढ्यावर धुतले. थोडे कण सुटले, पाण्यात गेले. ओढ्याचं पाणी गुंजवणीत, तिथून नीरेत. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला. केवढा प्रवास!

वाटेत त्या पाण्यात कोण कोण राहतं? मासे, खेकडे, बेडूक आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे शेकडो जीव. त्या कणांचा त्यांना त्रास होत असेल का? माशाला विचारून चालत नाही. तो कधी बोललाय?

पण असा एक जीव आहे, ज्याच्याकडून शास्त्रज्ञ उत्तर काढून घेतात. त्याचं नाव हायड्रा. आणि गंमत बघ, त्याच्या एका भारतीय जातभाईच्या नावात चक्क पुणं आहे! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये आपल्याकडच्या हायड्राचं रीतसर वर्णन केलं. त्याला म्हणतात ‘हायड्रा व्हल्गॅरिस इंड-पुणे’. पुण्याचं नाव मिरवणाऱ्या वस्तू खूप आहेत, पण सबंध आयुष्य पाण्यात काढणारा पुणेकर हाच असावा.

कसा दिसतो हा? एखादा सेंटिमीटर लांबीचा पांढुरका दोरा समज. तोही पूर्ण ताणल्यावर! एक टोक पानाला चिकटलेलं. दुसऱ्या टोकाला पाच-सहा बारीक भुजा, पाण्यात पसरलेल्या. मेंदू नाही. डोळे नाहीत. हाडं नाहीत. सगळं अंग म्हणजे एक पोकळ नळी, तीही पेशींच्या दोनच थरांची.

आणि तोंड? ऐक, ऐक! हायड्रा तोंड मिटतो तेव्हा तिथली कातडी सलग होऊन जाते. भेग नाही, खूण नाही. पुढच्या जेवणाच्या वेळी तो ती कातडी फाडून नवं तोंड उघडतो! प्रत्येक जेवणाला हाच उद्योग. आणखी एक गोष्ट आहे, पण हसायचं नाही हं. त्याच्या शरीराला दार एकच. जेवण आत जातं तिथूनच आणि उरलंसुरलं बाहेर येतं तेही तिथूनच. शी!

शिकार कशी करतो माहितीये? भुजांवर विषारी काट्यांच्या डब्या असतात. छोटा जीव नुसता घासून गेला, की डबी फुटते आणि काटा सुटतो. किती वेळात? ७०० नॅनोसेकंदात! एका सेकंदाचे १०० कोटी भाग केले, तर त्यातले फक्त ७००. प्राणिसृष्टीतल्या सगळ्यात वेगवान हालचालींपैकी ही एक. चित्त्यानं लाजून मान खाली घालावी अशी!

हायड्राची खरी कीर्ती पसरली ती एका घरशिक्षकामुळं. आब्राहम ट्राँब्ले त्याचं नाव. नेदरलँड्समध्ये, हेग शहराजवळ एका सरदाराच्या दोन मुलांना तो शिकवायचा. १७४० मध्ये त्याला तळ्याच्या पाण्यात हा दोरा सापडला. ही वनस्पती की प्राणी? कळेना. मग त्यानं त्याचे दोन तुकडे केले. म्हटलं, प्राणी असेल तर मरेल. काही दिवसांनी बघतो तर काय! खालच्या तुकड्याला नवं डोकं आलं होतं आणि वरच्याला नवं बूड. एकाचे दोन झाले! गृहपाठ तपासायचा सोडून मास्तर हायड्राच कापत बसले असतील, अशी मला दाट शंका आहे.

एवढा चिवट प्राणी! दानिएल मार्तिनेस या शास्त्रज्ञानं चार वर्षं हायड्रा पाळून पाहिले आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. त्यांच्यात म्हातारपणाची चिन्हंच दिसेनात. मग असा पठ्ठ्या पाण्याच्या परीक्षेला कशाला निवडायचा?

कारण त्याचं अंग दोनच थरांचं आहे. जवळजवळ प्रत्येक पेशीला पाणी लागतं. खवले नाहीत, जाड कातडी नाही, लपायला जागा नाही. पाण्यात काही वावगं आलं की त्याला लगेच झोंबतं. आणि याला तर गुणही देता येतात, चक्क दहापैकी! भुजा छान लांब पसरल्या असतील तर १० गुण. भुजांच्या टोकांना गाठी आल्या तर ८. भुजा आखूड झाल्या तर ७. सगळं अंग आक्रसून कळीसारखं झालं तर ५, आणि इतकी घसरगुंडी झाली की सावरणं अवघड. पूर्ण विरघळून गेला तर ०. विल्बी नावाच्या संशोधकाची ही गुणपत्रिका आजही जगभर वापरतात.

पण यात एक मेख आहे. हायड्रा आक्रसला हे डोळ्यांना दिसेपर्यंत आत बरंच काही घडून गेलेलं असतं. त्याच्या आधी कळायला नको? आणि नेमका त्रास कसला, हे कळायला नको?

हवं तर! त्यासाठी त्याच्या पोटातल्या चिठ्ठ्या वाचायच्या.

कुठल्या चिठ्ठ्या? आपण गावातल्या लग्नघरी जाऊ. मांडवामागं चुली पेटल्यात. कोठीच्या खोलीत थोरल्या आचाऱ्याची जाडजूड वही आहे. मसालेभात, जिलबी, मठ्ठा, सगळ्यांच्या कृती त्यात आहेत. ही वही कोठीबाहेर न्यायची नाही, सांडलंबिंडलं तर? म्हणून हवी ती कृती चिठ्ठीवर उतरवायची आणि चिठ्ठी चुलीपाशी पाठवायची. पदार्थ झाला की चिठ्ठी चुलीत! जिलब्या जास्त हव्या असतील तर जिलबीच्या चिठ्ठ्या जास्त.

तुझ्या, माझ्या आणि हायड्राच्याही जवळजवळ प्रत्येक पेशीत हाच कारभार चालतो. वही म्हणजे डीएनए. वहीतली एक कृती म्हणजे एक जनुक. हायड्राच्या वहीत अशा सुमारे २० हजार कृती आहेत. चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए. आणि तयार होणारे पदार्थ म्हणजे प्रथिनं. एखाद्या जनुकाच्या चिठ्ठ्या निघायला लागल्या, की शास्त्रज्ञ म्हणतात, त्या जनुकाची अभिव्यक्ती होतेय.

आता समज, मांडवाच्या एका कोपऱ्याला आग लागली! कोठीतून कसल्या चिठ्ठ्या येतील? जिलबीच्या? अजिबात नाही! ‘बादल्या भरा!’ ‘वाळू आणा!’ ‘खांब धरा!’ तू लांब उभं राहून नुसत्या चिठ्ठ्या वाचल्यास, तरी आत आग आहे हे तुला कळेल. धूर दिसायच्याही आधी!

पेशीतल्या या धावपळीचा शोध लागला तो अपघातानं. इटलीत फेरुच्चो रिटोसा नावाचे शास्त्रज्ञ फळमाश्यांवर काम करत होते. हो, पिकलेल्या केळ्यांवर घोंघावतात त्याच माश्या! प्रयोगशाळेत कुणीतरी त्यांच्या उबवणपेटीचं तापमान वाढवून ठेवलं. माशीच्या अळीच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तर गुणसूत्रांवर, म्हणजे डीएनएच्या जुड्यांवर, भलत्याच जागी फुगे आलेले! वहीची नेमकी ती पानं उघडून भराभर चिठ्ठ्या लिहिणं चाललं होतं. रिटोसांनी यावर लेख लिहिला. याला काही महत्त्व नाही, असं म्हणून एका नामवंत नियतकालिकानं तो परत पाठवला. अखेर १९६२ मध्ये तो दुसरीकडं छापून आला. आज त्या चिठ्ठ्यांपासून बनणाऱ्या प्रथिनांवर जगभर अभ्यास चालतो. उष्णतेनं इतर प्रथिनं लटपटली की ती त्यांना सावरतात.

हायड्राच्या घराण्यात ऑलिगॅक्टिस नावाची एक जात आहे. तिला मात्र ऊन लागलं तरी या चिठ्ठ्या धड टिकवताच येत नाहीत! बिचारी. एवढ्या चिवट घराण्यातली नाजूक पोर.

पण या चिठ्ठ्या मोजायच्या कशा? त्या तर अणुरेणूंच्या आकाराच्या!

त्यासाठी आधी हायड्राचा चुरा करावा लागतो. वाईट वाटतं, पण खरं सांगायलाच हवं. मग त्यातून आरएनए वेगळं काढायचं, तेही हातमोजे घालून आणि नळी बर्फात ठेवून. का? कारण आपल्या बोटांवर आरएनए तोडणारी विकरं, म्हणजे कामकरी प्रथिनं, असतात. उघड्या बोटानं नळीच्या तोंडाला हात लावला, की चिठ्ठ्यांचा भुगा! प्रयोगशाळेत नवखी मुलं या चुकीपायी बोलणी खातात.

पुढं एक उलटा खेळ. चिठ्ठीवरून वहीचं पान तयार करायचं, म्हणजे आरएनएवरून डीएनए. हे काम करणारं विकर १९७० मध्ये सापडलं. आणि मग त्या डीएनएच्या प्रती काढायच्या. ही युक्ती कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना तिच्यासाठी नोबेल मिळालं. नळी तापवायची, गार करायची, पुन्हा तापवायची. दर फेरीला प्रती दुप्पट. एकाच्या २, दोनाच्या ४, चाराच्या ८. यात विशेष काय? थांब! १० फेऱ्यांनंतर १,०२४. २० फेऱ्यांनंतर साडेदहा लाखांच्या जवळ. आणि ३० फेऱ्यांनंतर? १०७ कोटींहून जास्त!

नळीत एक रंगद्रव्य असतं. प्रती वाढतील तसं ते चमकायला लागतं. ज्या नळीत मुळात चिठ्ठ्या जास्त होत्या, ती लवकर चमकते. एक नळी दुसरीपेक्षा ३ फेऱ्या आधी चमकली तर तिच्यात चिठ्ठ्या किती पट? दोन गुणिले दोन गुणिले दोन. आठपट!

या तंत्राचं नाव तू ऐकलेलं आहेस, पैज लाव! आरटीपीसीआर. कोरोनाच्या साथीत मोठ्यांच्या नाकात काडी घालून व्हायची तीच तपासणी. तेव्हा विषाणूचं आरएनए शोधत होते, इथं हायड्राचं शोधायचं. यंत्र तेच!

एक शंका तुझ्या मनात आली का? समज, एका नळीत चुकून जास्त चुरा पडला, तर चिठ्ठ्या जास्त दिसणारच की! शाबास. त्यावरही तोड आहे. लग्नात जेवण कुठलंही असो, मीठ लागतंच. म्हणून मिठाच्या चिठ्ठ्या आधी मोजायच्या आणि त्यांच्या मानानं बाकीच्या किती ते बघायचं. पेशीत असं रोजच्या मिठाचं काम करणारी जनुकं असतात. ॲक्टिन हे त्यातलं एक.

आता खरा प्रयोग. तिरुचिरापल्लीच्या भारतीदासन विद्यापीठात महात्मा गांधी-डोरेनकांप केंद्र होतं. प्रयोगांसाठी उंदीर-सशांचे हाल कमी कसे करता येतील, हे शोधणारं केंद्र. तिथले संशोधक आणि पुण्याच्या आघारकर संस्थेतले हायड्राचे जाणकार डॉ. सुरेंद्र घासकडबी एकत्र आले. त्यांनी हायड्राला तांब्याच्या ऑक्साइडच्या नॅनोकांड्या असलेल्या पाण्यात ठेवलं. कण नव्हेत, कांड्या! त्यांचा अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हा हायड्रा मात्र पुणेकर नव्हता. तो मॅग्निपॅपिलाटा जातीचा, १०५ क्रमांकाच्या वाणाचा होता. याची सबंध वही शास्त्रज्ञांनी २०१० मध्येच वाचून काढलेली. मग कुठली चिठ्ठी शोधायची हे ठरवणं सोपं!

काय दिसलं? कांड्या जितक्या जास्त आणि वेळ जितका जास्त, तितकी हायड्राच्या अंगाची दशा वाईट. जेवण नीट होईना. नवी पिल्लं वाढेनात. आणि ज्या गुणासाठी तो जगप्रसिद्ध, तो तुकड्यातून पुन्हा उगवण्याचा गुण, तोही मंदावला! ट्राँब्ले मास्तरांना हे बघवलं नसतं.

आत काय चाललं होतं? त्यांनी चिठ्ठ्या वाचल्या, पेशीही तपासल्या. ऑक्सिजनचे काही उनाड भाऊबंद असतात. ते पेशीत मोकाट सुटले की दिसेल त्याची नासधूस करतात. प्रयोगात त्यांचा उच्छाद वाढलेला दिसला. डीएनएला इजा झाली होती. पेशींच्या विभागणीचं वेळापत्रक विस्कटलं होतं. आणि एक फार विलक्षण यंत्रणा जागी झाली होती. पेशीच्या वहीत एक कृती अशीही असते, की आता दुरुस्ती शक्य नाही, तर शेजाऱ्यांना त्रास न देता आपला गाशा गुंडाळ. पेशी खरोखर शिस्तीत स्वतःला संपवते!

त्या उनाडांना आवरणारे पहारेकरीही पेशीत असतात. कॅटालेज त्यातला एक. गुडघा फुटल्यावर कुणी हायड्रोजन पेरॉक्साइड लावलं की पांढरा फेस येतो ना? ते कॅटालेजचंच काम. पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकायचं. तुझ्या गुडघ्यात आणि हायड्राच्या अंगात पहारेकरी एकाच घराण्यातला!

पण हे सगळं वाचून आजीच्या तांब्याच्या तांब्याला घाबरू नकोस बरं. तांब्यातलं पाणी आणि नॅनोकांड्यांचं पाणी या वेगळ्या गोष्टी आहेत. किती, कुठल्या आकाराचं आणि किती वेळ, यावर सगळं ठरतं. नॅनोकण सगळेच वाईट, असंही नाही. ज्याची परीक्षा झाली नाही, त्याला मी तरी चांगलं म्हणणार नाही आणि वाईटही म्हणणार नाही.

चिठ्ठ्यांनाही फसायचं नाही हं. चिठ्ठी निघाली म्हणजे जिलबी झालीच असं कुठंय? तेल संपलेलं असू शकतं! म्हणून चांगले शास्त्रज्ञ चिठ्ठ्या मोजतात, प्रथिनं तपासतात आणि दहापैकी गुणही देतात. मगच बोलतात.

आता तुझी पाळी. पावसाळ्यात पाणी गढूळ असतं आणि ओढ्याला ओढ असते, तेव्हा तिकडं फिरकायचं नाही. दिवाळीनंतर पाणी नितळ झालं की घरातल्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन एखाद्या स्वच्छ, संथ डबक्यावर जा. काचेच्या बरणीत पाणी आणि थोड्या पाणवनस्पती घे. बरणी सावलीत ठेव आणि दोन दिवस हलवू नकोस. मग भिंग घेऊन काचेवर आणि पानांच्या खालच्या बाजूला नीट शोध. बारीक दोरा आणि त्याला भुजा दिसल्या तर गवताच्या काडीनं हळूच स्पर्श कर. तो झटकन गोळा झाला, तर समज, सापडला! वहीत त्याचं चित्र काढ, तारीख आणि जागा लिही, आणि पाणी जिथून आणलं तिथंच परत ओत.